पेशंट ऐकत नाहीत!

मराठीत ‘ऐकणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. एक, कानावर पडलेलं समजून घेणे. दुसरा, सांगितल्याप्रमाणे वागणे. “पोरगं ऐकत नाही” असं आई म्हणते तेव्हा पोराच्या कानात दोष नसतो. दवाखान्यात हे दोन्ही अर्थ समोरासमोर येतात. डॉक्टर, नर्स, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट या सगळ्यांची एकच तक्रार असते, “पेशंट ऐकत नाहीत.” बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांचीही तक्रार एकच, “डॉक्टर ऐकूनच घेत नाहीत हो!” क्रियापद तेच. मध्ये फक्त एक दार.

२०२२ सालापासून मी वर्षातून आठ-दहा वेळा या दारापाशी बसते, खोटी पेशंट म्हणून. आमच्या सांगली-मिरज भागात दवाखान्यांना आणि ते शिकवणाऱ्या कॉलेजांना तोटा नाही. अशाच एका कॉलेजात माझी एक जुनी विद्यार्थिनी शिकवते. तिचा एक दिवस फोन आला, “बाई, आमच्या मुलांसाठी पेशंट व्हाल का?” मी म्हटलं, “अगं, चौऱ्याहत्तरीकडे निघालेय, खरीच होईन लवकर!” पण तिला हवं होतं ते निराळं. नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या मुलांना ती ‘हेल्थ कोचिंग’ शिकवत होती आणि सरावासाठी तिला बोलतं माणूस हवं होतं.

कोचिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दहावीचे क्लास येतात. हे तसलं नाही. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी असली दुखणी घरी येतात ती मुक्कामालाच. त्यात डॉक्टरांचं काम महिन्या-दोन महिन्यांतून दहा मिनिटांचं, उरलेलं सगळं पेशंटने स्वतः करायचं. काय खायचं, कधी झोपायचं, गोळी आठवणीने घ्यायची, व्यायाम करायचा. हे कसं जमवायचं ते पेशंटच्याच तोंडून काढून घ्यायला शिकणं, म्हणजे हेल्थ कोचिंग. आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यानुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. एवढ्या लोकांच्या स्वयंपाकघरात डॉक्टर जाऊन बसू शकत नाही, हे उघड आहे. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००३ सालच्या अहवालात सांगून ठेवलं आहे की श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे जेमतेम निम्मे रुग्ण औषधं नीट घेतात. म्हणजे निदान बरोबर, औषध बरोबर, चिठ्ठी बरोबर आणि पुढे निम्मं पाणी पालथ्या घड्यावर!

खोटा पेशंट वापरून शिकवायची कल्पनाही नवी नाही. हॉवर्ड बॅरोज नावाच्या मेंदूविकारतज्ज्ञाने १९६३ साली अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात ती सुरू केली. एका निरोगी माणसाला त्याने आजाराचं सोंग शिकवलं आणि विद्यार्थ्यांपुढे बसवलं. आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात संवादकौशल्य हा रीतसर भाग झाला आणि हळूहळू इतर आरोग्यशाखांतही त्याची चर्चा सुरू झाली. मला यात रस वाटायचं पहिलं कारण म्हणजे ही सगळी मुलं शिकतात इंग्रजीत आणि बोलणार आहेत मराठीत. त्यांच्या पुस्तकात प्रश्न छापलेले असतात, त्यांचं मुलं जागच्या जागी भाषांतर करतात, आणि मग गंमत होते.

एक उदाहरण सांगते. पहिल्याच दिवशी एका मुलीने मला विचारलं, “मावशी, तुम्ही गोळ्या का नाही घेतल्या?” पुस्तकाप्रमाणे हा चांगला, मोकळा प्रश्न. हो-नाहीत उत्तर देता येत नाही. पण मराठीत ‘का’ ने सुरू झालेला प्रश्न हा बहुतेक वेळा प्रश्न नसतोच, ती फिर्याद असते. “उशीर का झाला?” “गृहपाठ का नाही केला?” पस्तीस वर्षं वर्गात काढलेल्या माणसाला हे सांगायला नको. ‘का’ ऐकला की समोरचा कारण शोधतो, खरं सांगत नाही. मी खोटी पेशंट असूनही माझ्या तोंडून निघून गेलं, “विसरले बाई!” मग आम्ही फळ्यावर तोच प्रश्न चार तऱ्हांनी लिहिला. “गोळ्या घेताना काय अडचण येते?” “गोळ्यांचं कसं काय चाललंय?” “कुठली गोळी चुकते जास्त, सकाळची की रात्रीची?” आणि “गेल्या आठवड्यात ज्या दिवशी घेतली, त्या दिवशी कसं जमलं?” हा शेवटचा मला सगळ्यात आवडतो. त्यात माणसाने काय केलं नाही ते विचारलेलं नाही, काय केलं ते विचारलंय.

तसंच ‘आपण’ या शब्दाचं. “आजी, आपण आता साखर कमी करायची हं!” यात ‘आपण’ कोण? साखर तर एकट्या आजीने कमी करायची आहे. हे बालवाडीतलं ‘आपण’ आहे. सत्तरीच्या बाईला ते बरोबर कळतं आणि ती मनातून उठून जाते. ‘पाहिजे’ चंही तेच. “चाललं पाहिजे, वजन उतरवलं पाहिजे, तेल कमी केलं पाहिजे.” त्याजागी “काय जमेल?” असं विचारलं की माणूस लगेच विचार करायला लागतो. ‘जमणे’ हा फार सभ्य शब्द आहे. त्यात हुकूम नाही आणि हार मानल्याची नामुष्कीही नाही.

पुस्तकात एक युक्ती दिली आहे. पेशंटला शून्य ते दहाच्या पट्टीवर विचारायचं की हा बदल करण्याची तुमची तयारी किती. तो चार म्हणाला, तर “सात का नाही?” असं विचारायचं नाही. “दोन न म्हणता चार कसं म्हणालात?” असं विचारायचं. सातबद्दल विचारलं तर तो अडचणींचा पाढा वाचेल. दोनबद्दल विचारलं तर स्वतःच्या बाजूची कारणं स्वतःच सांगेल. मला ही युक्ती फारच हुशारीची वाटली, पण शून्य ते दहा म्हटलं की आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना परीक्षेचे मार्क आठवतात. मी मुलांना विचारलं, “तुमच्या गावाकडे औषध लागू पडलं की माणसं काय म्हणतात?” जत तालुक्यातला एक मुलगा मागून म्हणाला, “आठ आणे फरक हाय म्हणतात.” बरोब्बर! नाण्यातले आणे कधीच गेले, पण दुखण्यातले आणे अजून चालतात. तेव्हापासून आमच्या सरावात पट्टी रुपयाची असते. “मावशी, चालायला जायचं मनात किती आहे, रुपयात किती आणे?” “चार आणे.” “दोनच नाही म्हणालात, म्हणजे काहीतरी आहे मनात. काय आहे ते?” आणि खरोखरच, काहीतरी असतं.

हे सगळं ज्याने शास्त्र म्हणून मांडलं त्या विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची हकीकत मला शिक्षक म्हणून फार जवळची वाटते. तो दारू सोडवण्याच्या क्षेत्रात काम करायचा. १९८२ साली तो नॉर्वेत गेला होता. तिथले तरुण मानसशास्त्रज्ञ त्याच्याबरोबर मुलाखतींचा सराव करायचे आणि त्याला मधेच थांबवून विचारायचे, तुम्ही आत्ता हाच प्रश्न का विचारलात, तो का नाही, त्या माणसाच्या एवढ्या बोलण्यातला हाच शब्द का उचललात? उत्तरं देता देता त्याला स्वतःचीच पद्धत उमगली आणि १९८३ साली त्याने ती लिहून काढली. पुढे १९९१ मध्ये स्टीफन रोलनिकबरोबर त्याचं पुस्तक आलं. म्हणजे विद्यार्थ्यांनी नेटाने प्रश्न विचारले म्हणून गुरुजींना आपलं ज्ञान सापडलं! या दोघांनी एका गोष्टीवर बोट ठेवलं आहे. दुसऱ्याचं चुकतंय असं दिसलं की ते लगेच दुरुस्त करायची ऊर्मी आपल्याला येते. मदत करणाऱ्या सगळ्या पेशांना ती असते. आणि गंमत अशी, की तुम्ही बदलाच्या बाजूने जितकं जोरात बोलाल, तितका समोरचा न बदलण्याची बाजू लढवतो. तराजूच आहे तो. तुम्ही एका पारड्यात बसलात, तर त्याला दुसऱ्यात बसावंच लागतं.

आता मी पेशंट कशी होते ते सांगते. कॉलेजने मला एक कागद दिला होता. वय ६५, दहा वर्षांपासून मधुमेह, तपासणीला वेळेवर येत नाही, सगळ्याला ‘हो’ म्हणते. तो वाचला आणि मी म्हटलं, हा कागद नको. हा माणूस मला पाठ आहे.

आमच्या ह्यांना १९९८ साली मधुमेह निघाला. साखर कारखान्यात कारकून होते, त्यामुळे लोकांना विनोदाला विषय मिळाला. ज्या डॉक्टरांकडे जात होते त्यांचं नाव घेत नाही. हुशार होते, हाताला गुण होता. पण रिपोर्ट हातात घेतला की कपाळाला आठ्या पडायच्या. “एवढे शिकले-सवरलेले तुम्ही, आणि हे काय? पाय कापायचा आहे का? डोळे घालवायचेत का?” हे मान खाली घालून, “हो साहेब, हो साहेब.” बाहेर आल्यावर चपला घालताना एक शब्द बोलायचे नाहीत. मग तपासणीच्या आधी चार दिवस भात, गोड सगळं बंद, म्हणजे रिपोर्ट बरा यावा. मग तारीख पुढे ढकलणं. आणि मग जाणंच बंद. घरातल्या सगळ्यांनी सांगून झालं. एकदाच म्हणाले, “पैसे देऊन शिव्या खायला कोण जाईल?” तीन वर्षं त्यांनी रक्त तपासलं नाही. २००९ साली, मी निवृत्त झाले त्याच वर्षी, एका सकाळी त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगायला लागले. आत रक्तस्राव झाला होता. लेसर झालं, इंजेक्शनं झाली, पण त्या डोळ्याने पुढे त्यांना वर्तमानपत्राचे मथळे तेवढे दिसायचे. २०१५ साली ते गेले.

डॉक्टरांनी सांगितलेला प्रत्येक शब्द खरा होता. डोळे जातील म्हणाले होते, गेला. पण जो माणूस दवाखान्यात यायचाच बंद झाला, त्याला तुमचं खरं काय कामाचं? म्हणून मी मुलांसमोर बसते तेव्हा ह्यांचीच भूमिका करते. सगळ्याला ‘हो’ म्हणते. आणि मुलं फसतात! “मावशी, रोज अर्धा तास चालाल ना?” “हो.” “गोड बंद करणार ना?” “हो हो.” मुलगी खूश, वहीत बरोबरच्या खुणा करते. बाजूला निरीक्षक म्हणून बसलेल्या मुलाकडे एक कागद असतो, त्यावर तो उभ्या रेघा मारत असतो. मोकळे प्रश्न किती, बंद प्रश्न किती, पेशंटचं म्हणणं त्याला परत किती वेळा ऐकवलं, पेशंटला मध्येच तोडलं किती वेळा. शेवटी रेघा मोजल्या की मुलगी स्वतःच हसायला लागते. बंद प्रश्न चौदा, मोकळा एक, आणि तो म्हणजे “अजून काय?”

तोडण्याबद्दल एक जुना अभ्यास त्यांना सांगतात. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी अमेरिकेत चौऱ्याहत्तर भेटींची ध्वनिमुद्रणं तपासली. पेशंट बोलायला लागल्यापासून सरासरी अठरा सेकंदांत डॉक्टर त्याचं बोलणं तोडत होते. अठरा सेकंद म्हणजे किती, ते मी मुलांना घड्याळ लावून गप्प बसायला सांगून दाखवते. आमच्या म्हाताऱ्यांचं तेवढ्यात “त्याचं काय झालं...” एवढंच होतं.

गेल्या वर्षीची गोष्ट. तो जतचा मुलगा समोर बसला होता. अबोल, इंग्रजीत कच्चा, मार्कांनी बेताचा. त्याने मला यादीतला एकही प्रश्न विचारला नाही. जरा थांबून म्हणाला, “दिवसातली कुठली वेळ अवघड जाती तुम्हाला?” मी तयारी केलेली नव्हती. तोंडात आलं ते सांगितलं. चार वाजताची. चार वाजता कट्ट्यावर सगळे जमतात, चहा येतो. तयार चहा, गोड. बिनसाखरेचा वेगळा सांगितला की टपरीवाला वैतागतो आणि सगळे चेष्टा करतात. मग जाणंच नको वाटतं. हे सगळं ह्यांचं होतं. ह्यांनी ते डॉक्टरांना कधी सांगितलं नव्हतं, कारण ते कुणी विचारलंच नव्हतं. तो मुलगा पुन्हा गप्प राहिला आणि मग म्हणाला, “म्हणजे च्या सुटला तर चालंल, पण माणसं सुटाय नकोत.”

मी सोंग विसरले. चष्मा पुसत बसले. निरीक्षक मुलीच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. अठ्ठ्याण्णव सालापासून ह्यांच्या मधुमेहाबद्दल जे जे कुणी बोललं होतं, त्यात इतकं नेमकं वाक्य मी ऐकलं नव्हतं. आणि त्यात एक शब्दही सल्ल्याचा नव्हता. सल्ला नंतर आला, तोही माझ्याच तोंडून. कट्ट्यावर आणखी दोघांना साखर आहे, तिघांनी मिळून वेगळा चहा सांगितला तर टपरीवाला कुरकुर करणार नाही. त्याने फक्त विचारलं, “त्या दोघांशी कधी बोलाल?”

याचा अर्थ सांगायचंच नाही असा नाही. मुलांचा हा गैरसमज होतो. माहिती द्यायचीच, पण आधी विचारायचं, “याबद्दल तुम्हाला काय काय ठाऊक आहे?” मग परवानगी घेऊन, त्यात भर पडेल एवढं सांगायचं. मग पुन्हा विचारायचं, “यातलं तुम्हाला काय पटतंय?” आणि “समजलं का?” असं कधीही विचारायचं नाही. वर्गात “समजलं का?” म्हटलं की साठ पोरं एका सुरात “होऽऽ” म्हणतात, हे कुठलाही शिक्षक सांगेल. त्यापेक्षा “घरी गेल्यावर सुनेला हे कसं सांगाल?” असं विचारा. किती पोचलं ते लगेच कळतं.

मुलांच्या शंकाही खऱ्या असतात, त्या मी हसण्यावारी नेत नाही. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, ओपीडीत दीडशे पेशंट असतात. कुठला चहा आणि कुठला कट्टा!” खरं आहे. तिला माझ्या विद्यार्थिनीने उत्तर दिलं, की दीडशे जणांना सगळं विचारू नकोस, प्रत्येकाला एक प्रश्न बदलून विचार. ‘का’ च्या जागी ‘कसं’. त्याला जास्तीचा वेळ लागत नाही. दुसरा म्हणाला, “पेशंटच म्हणतात, डॉक्टर तुम्हीच सांगा.” तेही खरं. म्हटलं तर सांगावं. साप चावलेल्या माणसाला मोकळे प्रश्न विचारत बसायचं नसतं. तिसरी शंका मात्र माझ्या मनातून जात नाही. एका मुलीने विचारलं, “शेतात मजुरीला जाणाऱ्या बाईला व्यायामाचं काय उद्दिष्ट ठरवायला सांगायचं? तिच्या गोळ्या संपल्यात आणि पगार शनिवारी आहे, त्यात तिने मनावर घ्यायचं म्हणजे काय?” याला कोचिंग हे उत्तर नाही. तिथे गोळ्याच हव्यात, फुकट आणि वेळेवर. माणसाचं ऐकून घेतल्यावर निदान एवढं तरी कळतं, की हिची अडचण इच्छेची नाही, पैशाची आहे. आळशी म्हणून तिच्या नावापुढे शेरा पडत नाही. पण कळलं म्हणून गोळ्या येत नाहीत, हेही मुलांनी विसरू नये.

आणि हे सगळं विलायती खूळ आहे असंही कुणी समजू नये. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० साली जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या कित्येक जणी निरक्षर होत्या, दलित वस्तीतल्या होत्या. त्यांच्याकडे पदवी नव्हती, पण ज्या बाईला सांगायचं तिच्या चुलीपाशी बसता येत होतं. १९७९ मध्ये आरोळेंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज विद्यापीठात जे कौशल्य म्हणून शिकवतात, त्याचा बराचसा भाग त्या बायकांना अनुभवानेच येत होता. आमची मुलंही अशाच घरांतून येतात. चार वर्षं इंग्रजी शब्द पाठ करताना ते बोलणं त्यांच्या तोंडातून जातं, ते परत आणायचं एवढंच खरं काम.

परीक्षेची मात्र मला धास्ती वाटते. याला मार्क ठेवले की मुलं वाक्यं पाठ करतात. “तुम्हाला कसं वाटतंय ते मी समजू शकतो” हे वाक्य मी आजवर इतक्या जणांकडून, इतक्या एका चालीत ऐकलंय, की पसायदान वाटावं! ऐकणं पाठ करता येत नाही. त्यासाठी थोडा वेळ गप्प बसायचा धीर लागतो, आणि तो कुठल्या तक्त्यात मोजायचा हे अजून आम्हाला सुचलेलं नाही.

मराठीत यासाठी एक सुंदर शब्दप्रयोग आहे, ‘मनावर घेणे’. “त्याने मनावर घेतलं” म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. पण नीट बघा, मनावर घ्यायला लावता येतं असं आपली भाषा फारसं म्हणत नाही. ज्याचं मन त्यानेच घ्यायचं. बाकीच्यांनी फार तर तिथे जागा करून द्यायची.

गेल्या महिन्यात जुन्या तुकडीतल्या एका मुलीचा फोन आला. कवठेमहांकाळकडच्या एका आरोग्य केंद्रात ती आता काम करते. म्हणाली, “मॅडम, एक आजोबा आहेत, तीन वर्षांत कधी दुसऱ्यांदा आले नव्हते. या वेळी न बोलावता आपणहून परत आले.” मी विचारलं, “साखर किती आली?” म्हणाली, “भरपूर आहे अजून. पण आले ना!”